माळावरचा वारा आणि रिफायनरीतला हायड्रोजन

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दिवाळीत नांदूरघाटला जाऊन आलो आणि येताना एक प्रश्न सोबत घेऊन आलो. तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांबलीये, आधीच सांगून ठेवतो. नातेवाईक मंडळींनी चहा घेऊन बसावं.

झालं असं की मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलो आणि पुढे एक ट्रेलर. त्यावर पवनचक्कीचं पातं. एकच पातं, पण ते ओलांडता ओलांडता रस्ता संपेल असं वाटावं इतकं लांब. वळणावर तर दोन पोरं खाली उतरून दोन्हीकडची वाहनं थांबवत होती आणि ड्रायव्हर इंच इंच गाडी काढत होता. लहानपणी या रस्त्याला उसाच्या टोळ्या घेऊन जाणारे ट्रक दिसायचे. दिवाळी झाली की भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळं एका ट्रकमध्ये. ते आजही दिसतात. आता त्यांच्या जोडीला उलट दिशेने येणारी ही पाती.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो होतो. लांब डोंगराच्या रेघेवर लाल दिवे लुकलुकत होते. आप्पा (वडिलांचे धाकटे भाऊ, वय वर्षं ७६, अजून रोज शेतात) बराच वेळ तिकडे बघत बसले आणि म्हणाले, "येवढे पंखे झाले, पर आपल्या मोटरीला लाईट रातचीच. ही लाईट जाती तरी कुठं?"

"ग्रिडमध्ये जाते, आप्पा."

"म्हंजी कुठं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रिड म्हणजे एक तलाव, कुणी ओततं, कुणी उपसतं, असं काहीतरी सांगितलं. आप्पांनी 'हं' केलं. त्या 'हं'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे :-)

परत आल्यावर जुनी-नवी कात्रणं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की देशभरातल्या वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेला आता एक नवीन मोठं गिऱ्हाईक उभं राहतंय. ते म्हणजे तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनऱ्या. त्यांना ही वीज दिवे लावायला नको आहे, पाणी फोडायला हवी आहे. पाणी फोडून निघणारा हायड्रोजन त्यांना हवा आहे. 'ग्रीन हायड्रोजन' म्हणतात तो हाच. पेपरात याच्या बातम्या अशा येतात की जणू कालच कुणाला सुचलं. प्रत्यक्षात आपल्याच देशात हे एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन, बंदही पडून गेलंय. ती गोष्ट सांगायची आहे. पण आधी, रिफायनरीला हायड्रोजन लागतो कशाला?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर गंधक. जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलात गंधक असतं, कुठल्या तेलात कमी, कुठल्यात जास्त. ते तसंच डिझेलमध्ये राहिलं तर जळून त्याचा विषारी धूर होतो. ते काढायचं तर तेल तापवून, दाब देऊन त्यात हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन गंधकाला धरून बाहेर काढतो, मग त्या वायूतून पिवळं गंधक वेगळं करता येतं. जड, डांबरासारखं तेल फोडून त्याचं डिझेल-पेट्रोल करायलाही हायड्रोजनच लागतो.

मुंबईत माहुलला रिफायनऱ्या आल्या तेव्हा याची फार फिकीर नव्हती. जुलै १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक या अमेरिकन कंपनीची रिफायनरी तिथे सुरू झाली, जानेवारी १९५५ मध्ये शेजारीच बर्मा-शेलची. स्टॅनव्हॅकची पुढे एस्सो झाली, १९७४ मध्ये ती सरकारने घेतली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल १९७६ मध्ये घेतली, ती आजची भारत पेट्रोलियम. त्यांच्या शेजारी १९६५ मध्ये ट्रॉम्बेचा खत कारखाना (आत्ताचा आरसीएफ) उभा राहिला. खताच्या अमोनियाला हायड्रोजन लागतो, तो या कारखान्याने पाण्यातून नाही काढला, शेजारच्या रिफायनऱ्यांतून येणाऱ्या वायू-नाफ्थ्यातून काढला. शेजारधर्म! खत कारखाना हायड्रोजनसाठी रिफायनरीच्या दारात, असे ते दिवस होते.

नंतर उलटं झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे डिझेलमध्ये १ टक्का गंधक चालायचं, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग. मग मर्यादा खाली येत गेली. २०१० मध्ये देशभर ३५० आणि मोठ्या शहरांत ५०. १ एप्रिल २०१७ पासून सगळीकडे ५०. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा फक्त १०. दहा हजारावरून दहा. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात हे झालं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण प्रत्येक पायरीला रिफायनऱ्यांची हायड्रोजनची भूक वाढत गेली. आज देशात वर्षाला ५०-६० लाख टन हायड्रोजन वापरला जातो. त्यातला बहुतेक सगळा रिफायनऱ्या आणि खत कारखाने मिळून खातात.

आणि तो बनतो कशातून? नैसर्गिक वायूतून. वायू आणि वाफ एकत्र तापवली की हायड्रोजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो. म्हणजे शहरातला धूर कमी व्हावा म्हणून डिझेल स्वच्छ करायचं, आणि त्यासाठी दुसरीकडे नळकांड्यातून धूर सोडायचा. नैसर्गिक वायूही निम्म्याच्या आसपास बाहेरून आणावा लागतो, त्याचा भाव आपल्या हातात नाही. म्हणून आता पाण्याकडे नजर वळली आहे.

पाण्यातून हायड्रोजन काढणं हे शाळेतलं प्रकरण. आमच्या सरांनी वर्गात टॉर्चचे सेल जोडून, आम्ल घातलेल्या पाण्यात दोन तारा सोडून दाखवलं होतं. एका नळीत दुप्पट बुडबुडे. त्या नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज. अख्खा वर्ग 'पुन्हा सर, पुन्हा सर' म्हणून ओरडला होता. जुन्या पुस्तकांत हायड्रोजनला उद्‌जन म्हणायचे, पाण्याला जन्म देणारा. लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला तो १८०० साली, व्होल्टाची बॅटरी निघाली त्याच वर्षी. म्हणजे तेव्हा उत्तर पेशवाई अजून शिल्लक होती. दोनशे वर्षांहून जुनी गोष्ट.

कारखान्याच्या पातळीवर हे पहिल्यांदा जमलं ते जिथे पाणी उंचावरून पडतं आणि वीज जवळपास फुकट पडते अशा ठिकाणी. नॉर्वेत रयूकान नावाचं खोऱ्यातलं गाव आहे. तिथल्या धबधब्याच्या विजेवर नॉर्स्क हायड्रो या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस पाणी फोडून हायड्रोजन आणि त्यातून खत बनवायला सुरुवात केली. पाणी फोडत राहिलं की उरलेल्या पाण्यात 'जड पाणी' साठत जातं. अणुभट्टीत वापरतात तेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा त्यावर डोळा होता, म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्या जवानांनी बर्फातून रात्री शिरून तो कारखाना उडवला. यावर सिनेमे आहेत. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की खत आणि अणुशक्ती या दोन्ही गोष्टी एका स्वस्त विजेच्या जोरावर एकाच छपराखाली आल्या होत्या.

आपल्याकडे हेच झालं पंजाबात, नांगलला. भाक्रा धरणाच्या खालच्या अंगाला.

भाक्राची वीज येणार होती, भरपूर येणार होती, आणि स्वस्त येणार होती. घेणारं एवढं गिऱ्हाईक तेव्हा उत्तरेत कुठे होतं? मग असं काहीतरी हवं जे रात्रंदिवस एकसारखी वीज खाईल. पाणी फोडण्याइतकी वीज खाणारं दुसरं काय सापडणार! १९६१ मध्ये नांगलचा खत कारखाना सुरू झाला. धरणाची वीज, नदीचं पाणी, त्यातून हायड्रोजन, त्यातून अमोनिया, त्यातून खत. कोळसा नाही, तेल नाही, वायू नाही. पाणी फोडणाऱ्या जगातल्या तेव्हाच्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना व्हायची. इजिप्तमध्ये आस्वानला असाच एक, आणि हा एक. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिथे देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना जोडला गेला, वर्षाला साधारण १४ टन. होमी भाभांच्या अणुशक्ती खात्याची ती निकड होती. आज ज्याला आपण टाळ्या वाजवून 'ग्रीन अमोनिया' म्हणतो, तो साठच्या दशकात पंजाबच्या शेतात पडत होता. कुणी त्याला हिरवा म्हटलं नाही. तेव्हा हिरवं म्हणजे फक्त पीक.

मग काय बिनसलं?

तंत्र बिघडलं नाही. विजेला दुसरी गिऱ्हाइकं आली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं, त्याला पाणी हवं, पाण्याला विहिरी, विहिरींना मोटारी, मोटारींना वीज. पंजाब-हरियाणात बघता बघता कूपनलिकांचं रान उठलं. ज्या विजेला गिऱ्हाईक नव्हतं तिच्यावर उड्या पडायला लागल्या. पाऊस कमी झाला की धरणातलं पाणी कमी, वीज कमी, आणि कात्री लागायची ती पाणी फोडणाऱ्या कारखान्याला. एक युनिट वीज मोटारीला द्यायची की हायड्रोजनला, हा हिशोब दरवेळी मोटारीच्या बाजूने सुटू लागला. शेवटी १९७८ मध्ये नांगलला नवीन अमोनिया प्लांट आला तो जड इंधन तेलावर चालणारा. आणि हे इंधन तेल म्हणजे काय, तर रिफायनरीच्या तळाशी उरलेला गाळ. पाणी फोडणं मागे पडत गेलं आणि एक दिवस संपलं. २०१३ मध्ये तो प्लांटही इंधन तेल सोडून नैसर्गिक वायूवर गेला.

मला या गोष्टीतली गंमत सारखी आठवते. एके काळी रिफायनरीच्या गाळाने पाण्याच्या हायड्रोजनला हटवलं. आता तीच रिफायनरी पाण्याच्या हायड्रोजनसाठी टेंडर काढतेय.

नांगलला सगळं घरचं होतं. धरण सरकारचं, वीज सरकारची, खत कारखाना सरकारी, अणुशक्ती खातंही सरकारी. त्यामुळे भांडणही घरातलं. वीज कमी पडली तर कुणाचं ताट ओढायचं हे सरकारला ठरवता आलं, आणि मतं शेतकऱ्यांची होती म्हणून शेतकऱ्याचं ताट राहिलं. आजच्या मांडणीत ही जागा भागीदारीने घेतली आहे, आणि भागीदारी कोणाकोणाची हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात झाली ती अगदी छोटी. डिसेंबर २०२१ मध्ये भारत पेट्रोलियमने भाभा अणुसंशोधन केंद्राशी करार केला, केंद्राने बनवलेला पाणी फोडणारा संच (इलेक्ट्रोलायझर म्हणतात) रिफायनरीच्या मापाचा मोठा करण्यासाठी. ज्यांनी मुंबई पाहिली आहे त्यांना माहीत आहे, माहुलची रिफायनरी आणि ट्रॉम्बेचं भाभा केंद्र एकाच टेकडीच्या कुशीत आहेत. साठ-पासष्ट वर्षांचे शेजारी! आणि नांगलच्या जड पाण्याची आठवण ठेवली तर अणुशक्तीवाल्यांना हे काम नवखं नाही, हेही कळतं. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राचं धोरण आलं. २० एप्रिल २०२२ ला आसामात जोरहाटला ऑइल इंडियाचा प्रायोगिक प्लांट सुरू झाला, दिवसाला १० किलो. दहा किलो म्हणजे आमच्या घरच्या तेलाच्या डब्याएवढं हो! पण सुरुवात म्हणून ठीक. मे २०२४ मध्ये मध्य प्रदेशात विजयपूरला गेलने दिवसाला ४.३ टनांचा सुरू केला.

मोठी उडी मात्र भागीदारांनी मिळून मारायची ठरवली. एप्रिल २०२२ मध्ये इंडियन ऑइल, एल अँड टी आणि रिन्यू या तिघांनी एकत्र यायची घोषणा केली. तिघांकडे काय आहे बघा. इंडियन ऑइलकडे गिऱ्हाईक, म्हणजे ते स्वतःच, रिफायनऱ्यांची भूक घेऊन बसलेले. रिन्यूकडे वारा आणि ऊन, म्हणजे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प. एल अँड टीकडे यंत्रं आणि बांधकाम. (होल्क-लार्सन आणि टूब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत काढलेली ही कंपनी. आपल्याकडे घरटी एखादा तरी काका-मामा तिथे नोकरीला असतोच.) एकट्याने कुणीच हे करायला धजणार नाही. यंत्रवाला म्हणतो गिऱ्हाईक दाखवा, गिऱ्हाईक म्हणतो भाव खाली आणा, वीजवाला म्हणतो पंचवीस वर्षांचा करार द्या. तिघं एका पंगतीत बसले तरच वाढप सुरू होतं.

पंगतीतही कुरबुरी झाल्याच. पानिपतच्या रिफायनरीसाठी वर्षाला १०,००० टनांचं टेंडर निघालं, तेव्हा त्यातल्या अटी या भागीदार कंपनीच्याच सोयीच्या आहेत असा आक्षेप इतर उत्पादकांनी घेतला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, टेंडर मागे घेऊन पुन्हा काढावं लागलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये ते काम एल अँड टीच्याच ग्रीनटेक कंपनीकडे गेल्याचं जाहीर झालं. प्लांट त्यांनी बांधायचा, मालकी त्यांची, चालवायचा त्यांनीच, आणि इंडियन ऑइलला २५ वर्षं हायड्रोजन पुरवायचा. इलेक्ट्रोलायझर गुजरातेत हजिऱ्याला बनणार. झाला की देशातला सर्वांत मोठा.

मध्यंतरी ४ जानेवारी २०२३ ला केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवून. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं स्वतःचं धोरण आणलं. आकडे ऐकून छाती दडपते, म्हणून मी पानिपतचाच हिशोब घेऊन बसलो. वहीच्या मागच्या पानावर करता येण्यासारखा आहे, तुम्हीही करून बघा.

एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. १०,००० टन म्हणजे एक कोटी किलो. म्हणजे वर्षाला पन्नास-पंचावन्न कोटी युनिट. तीन मेगावॅटची एक पवनचक्की वारा बरा असेल तर वर्षाला पाऊण कोटी युनिटच्या आसपास देते. भागाकार केला की साठ-सत्तर पवनचक्क्या. एका रिफायनरीच्या एका प्लांटला.

आता पाणी. रसायनशास्त्राप्रमाणे एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी. त्याखाली तडजोड नाही, देवाचा नियम आहे. एक कोटी किलोला ९ कोटी लिटर. पाणी शुद्ध करताना जे वाया जातं आणि यंत्रं थंड ठेवायला जे लागतं ते धरलं तर दुप्पट-तिप्पट. आमच्याकडे पाण्याचं माप लिटरमध्ये नाही, टँकरमध्ये चालतं. १०,००० लिटरचा टँकर धरला तर नुसत्या ९ कोटीचेच ९,००० टँकर झाले. मोठ्या नदीकाठच्या कारखान्याला हे फार नाही, उसाचं एखादं शिवार याहून जास्त पितं. पण बीड जिल्ह्यात हा आकडा मोठ्याने उच्चारायची सोय नाही.

कारण हे आम्ही एकदा पाहिलंय. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासूनचं, जिल्ह्याचा अभिमान. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. आणि मांजरा धरण तर आमच्या केज तालुक्यातलंच, धनेगावचं. त्याच्यावर लातूर शहर जगतं. ते कोरडं पडलं तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, आठवत असेल. लातूरची रेल्वे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. धरणाच्या काठच्या गावांत त्या उन्हाळ्यात काय होतं, ते आमच्या आत्याला विचारा.

म्हणजे गणित असं बसतं. वीज तारेने कुठेही जाते, पाणी जात नाही. म्हणून पाणी फोडायचं काम जिथे पाणी आणि रिफायनरी आहे तिथे होणार, आणि वारा जिथे आहे तिथून फक्त वीज उचलली जाणार. २०२२ च्या त्या धोरणात हे स्पष्ट लिहिलंय: ग्रीन हायड्रोजनसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज न्यायचा वहन आकार २५ वर्षं माफ. केजच्या माळावरची वीज पानिपतला जाते असं मी म्हणत नाहीये. पण कुठल्याही माळावरची वीज आता कुठल्याही रिफायनरीत जाऊ शकते आणि वाटेत जकात नाही, एवढं खरं. आप्पांच्या "म्हंजी कुठं?"चं उत्तर त्या रात्री देता आलं नाही, ते हे असावं.

पवनचक्क्या आपल्या राज्याला नवीन नाहीत. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर, धुळ्याकडे ब्राह्मणवेलला त्या केव्हापासून आहेत. बीडच्या बालाघाटावर त्या मानाने उशिरा आल्या. आल्या तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही, उलट उत्साहच होता. ज्या माळावर कुसळंसुद्धा धड उगवत नाहीत, तिथल्या दगडाला भाव आला. टॉवरपुरती जमीन, वर जायला रस्ता, तारांसाठी खांब, आणि गावातल्या काही पोरांना राखणीची नोकरी. ज्याच्या जमिनीत टॉवर त्याला पैसे मिळाले. ज्याच्या बांधावरून तार गेली त्याला थोडे. ज्याच्या डोक्यावरून वारा गेला त्याला काही नाही. वाऱ्याचा सातबारा नसतो.

आणि जिथे असा अचानक पैसा येतो तिथे दुसरंही काही येतं. आमच्याच तालुक्यातल्या मस्साजोगचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं ते ९ डिसेंबर २०२४ ला, सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली तेव्हा. तपासात जी साखळी पुढे आली ती पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीपासून सुरू होत होती. यावर खूप लिहून झालंय, मी भर घालणार नाही. फक्त एवढंच की ग्रीन हायड्रोजनच्या कार्यक्रमांमध्ये जो नकाशा दाखवतात त्यात सूर्य असतो, पातं असतं, निळा थेंब असतो, पाईपलाईन असते. गाव नसतं. गावातली माणसं, त्यातली भांडणं, कोण कोणाला घाबरतं, यातलं काहीच नसतं. तीन भागीदार आहेत: गिऱ्हाईक, यंत्रवाला, वीजवाला. चौथा, ज्याच्या माळावर पातं फिरतं, तो भागीदार नाही, 'जमीनधारक' आहे.

नांगलच्या वेळी शेतकरी पंगतीत नव्हताच, पण त्याची मोटार होती आणि मत होतं. त्या दोहोंनी मिळून हायड्रोजनचा अख्खा कारखाना हटवला. बरं झालं की वाईट, हा वेगळा वाद. त्या मोटारींनी पुढे पंजाबचं पाणी किती खोल नेलं हेही आपल्याला माहीत आहे. पण विजेचा वाटा कुणाला, हे ठरवताना त्याचं वजन पडलं. आता वीज २५ वर्षांच्या करारात आधीच बांधलेली असेल, तर दुष्काळात कुणाचं ताट ओढायचं हे कोण ठरवणार? मला हा प्रकल्प नको आहे असं नाही. डिझेल शुद्ध करायला वायू जाळण्यापेक्षा वारा वापरावा हे शंभर टक्के पटतं. पण निदान ज्या तालुक्यात पातं आहे, तिथल्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज, एवढी अट त्या करारात एका ओळीत बसली असती की. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेतून काही ठिकाणी दिवसाची लाईट यायला लागली आहे. आमच्या फीडरची पाळी अजून यायची आहे.

अवांतर: कुणा वाचकाच्या घरी नांगलच्या कारखान्यात किंवा ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात सुरुवातीच्या वर्षांत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहून काढा. ती पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे.

असो. परवा आप्पांना फोन लावला आणि हे सगळं जमेल तसं सांगितलं. वाऱ्याची वीज, पाणी फोडायचं, त्यातला वायू तेलाला द्यायचा, डिझेल स्वच्छ होतं, आपल्या ट्रॅक्टरमध्ये टाकतो तेच. शांतपणे ऐकलं.

"आन् हे सगळं कुठं व्हतंय म्हन्लास?"

"सगळ्यात मोठं पानिपतला, आप्पा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "पानिपतला? आता काय पंखे बी चालले का तिकडं?" आणि मनापासून हसले. मग म्हणाले, ठेव आता, बाराला लाईट येती, पानी धराया जायचंय.